पिवळ्या पट्ट्याची गाडी

वर्ध्यात पोरं माझ्यामागे मला ‘स्टँड सर’ म्हणतात. त्यांना वाटतं सरांना ठाऊक नाही. कॉलेजला जाता-येता कुणाच्या मोटरसायकलचं साइड स्टँड खाली राहिलेलं दिसलं की मी रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला ओरडतो. तोंडातल्या तोंडात नव्हे, घसा फाटेस्तोवर. बायको सोबत असली तर ती दोन पावलं मागे राहते आणि या गृहस्थाशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करते. एकदा बँकेच्या रांगेतून काचेबाहेर मला असंच एक स्टँड दिसलं आणि मी रांग सोडून धावलो. माझा नंबर गेला, पण तो पोरगा थांबला.

तसं पाहिलं तर हे माझं एकट्याचं वेड नाही. आपल्याकडे दुसऱ्याचं स्टँड सांगणं हा रस्त्यावरचा रिवाजच आहे. समोरून येणारा बोटं खाली करून खुणावतो, मागून येणारा हॉर्न वाजवतो, फुटपाथवरची भाजीवालीसुद्धा “भाऊ, स्टँड” म्हणते. ना ओळख ना पाळख, ना कुणी आभार मानायला थांबतं. मीही पूर्वी तसाच, जमलं तर सांगणारा, होतो. त्याचं वेड झालं ते कारंजा घाडग्याच्या पुंडलिक थूलांमुळे. त्यासाठी एका माणसाचा जीव जावा लागला आणि तो जाताना मी चहा पीत बसलो होतो.

कारंज्याला मी अकरा वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. नागपूर–अमरावती हायवेच्या कडेला, पंक्चरच्या दुकानाला लागून, थूलभाऊंचा टिनाचा ठेला होता. काम गाड्यांच्या वायरिंगचं. ठेल्यात बुद्धाची एक तसबीर, वायरींची भेंडोळी आणि एक स्टूल, तेही गिऱ्हाइकासाठी. भाऊ स्वतः उकिडवे बसत. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटण लावलेलं. खिशात पेन असतो त्या जागी त्यांचा एक छोटा बल्ब असे, दोन वायरी जोडलेला. वायरीत करंट आहे की नाही ते पाहायचं हत्यार. बल्ब पेटला की ते स्वतःशीच म्हणत, “चालू हाय.” न पेटला तर काहीच म्हणत नसत.

आवाज इतका हळू की हायवेवर बसून हा माणूस धंदा कसा करतो याचंच नवल वाटे. ट्रक आला की बोलता बोलता थांबत आणि ट्रक गेल्यावर राहिलेल्या शब्दापासून पुढे सुरू करत. मला तर ट्रक गेल्यावर आपण काय विचारलं होतं तेच आठवत नसे. त्यांना कुणाला हाक मारायची झाली तर शेजारचा पंक्चरवाला मारून देई. थूलभाऊ ओरडले असं कारंज्यात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

स्वतः तपासल्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास नव्हता. गिऱ्हाईक म्हणे, बॅटरी आत्ताच चार्ज करून आणली. भाऊ मान डोलावत आणि खिशातून बल्ब काढत. मुलीच्या लग्नात त्रिसरण घ्यायला सगळा मांडव उभा राहिला तेव्हा नवरीचा बाप कुठे दिसेना. शोधाशोध झाली. नवा कोरा शर्ट घातलेले थूलभाऊ जनरेटरपाशी उकिडवे बसून मांडवाच्या वायरींचा एकेक जोड तपासत होते. बायको कडाडली. भाऊ म्हणाले, तीन जोड ढिले निघाले, माणसं वायरीखालून जाऊन राह्यली. मग हात धुऊन शांतपणे मुलीशेजारी जाऊन उभे राहिले.

मी एमेस्सी झालेला, त्यामुळे सुरुवातीला त्यांना चार गोष्टी शिकवायला गेलो होतो. ते ऐकून घेत. मग एके दिवशी म्हणाले, “सर, तुमचं सगळं खरं हाय. पन मी येवढंच पाह्यतो, करंटले घरी वापस यायचा रस्ता हाय का नाई.” दुसऱ्या दिवशी हेच वाक्य मी वर्गात वापरलं. इतके दिवस ज्या पोरांना सर्किट कळत नव्हतं त्यांना ते त्या दिवशी कळलं. वाक्य कुणाचं ते मी सांगितलं नाही. मास्तर लोक असंच करतात.

स्टँडच्या स्विचचं त्यांच्या डोक्यात आलं ते वर्ध्याहून परतल्यावर. सामान घ्यायला गेले होते. दुकानातून निघाले ते स्टँड न उचलताच. वळणाच्या आधी एका अनोळखी ऑटोवाल्याने “काका, स्टँड” असा जोराचा आवाज दिला, म्हणून वाचले. डावीकडे गाडी झुकवली की खाली राहिलेलं स्टँड रस्त्याला टेकतं आणि गाडीला उचलून फेकतं, हे गाडी चालवणारा प्रत्येक जण जाणतो आणि तरी विसरतो. दुसरा कुणी असता तर त्या ऑटोवाल्याला दुवा देऊन विसरून गेला असता. थूलभाऊंची झोप उडाली. मला म्हणाले, “सर, तो ऑटोवाला तिथं नसता तं? माहा जीव दुसऱ्याच्या गळ्यावर ठेवून मी फिरून राह्यलो होतो.” त्यांच्या लेखी तो एक न तपासलेला जोड होता.

नव्या गाड्यांत स्टँड खाली असेल तर इंजिन आपोआप बंद पडतं. जुन्या शंभर सीसीच्या गाड्यांत ती सोय नाही आणि आमच्या तालुक्यात तर जिकडेतिकडे जुन्याच गाड्या. भाऊंनी नव्या गाडीचा एक स्विच आणला आणि स्वतःच्या बावीस वर्षं जुन्या गाडीच्या स्टँडपाशी पट्टी ठोकून बसवला. जुन्या इंजिनातून एक वायर निघते. ती गाडीच्या लोखंडाला टेकली की ठिणगी मरते आणि इंजिन बंद होतं. स्टँड खाली असताना ही वायर लोखंडाला टेकेल असा रस्ता त्यांनी करून दिला. रंगातून करंट जात नाही, म्हणून वायरीच्या टोकाची कडी बोल्टखाली आवळण्याआधी तिथला रंग खरवडून लोखंड आरशासारखं चमकवायचं, हा त्यांचा नियम. त्यात ते तासभरही घालवत.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे वासुदेव काळे. संत्र्याचा बगीचावाला, थूलभाऊंचा शाळेपासूनचा दोस्त, आणि कारंज्यात सर्वांत मोठ्याने हसणारा माणूस. पुंडलिकच्या वाट्याचा आवाज माझ्याकडे आला, असं तो म्हणायचा. स्विच बसवून तो गेला आणि अर्ध्या तासात शिव्या देत परत आला. त्याला स्टँडवर गाडी चालू ठेवून मागे क्रेट बांधायची सवय होती आणि आता गाडी चालूच होईना. “अबे पुंडलिक, मले बाग विकून नवी गाडी घ्यायले लावतं का?” भाऊंनी तीन दिवस डोकं खाजवलं आणि एक छोटी रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, घालून तेही सोडवलं. आता न्यूट्रलमध्ये गाडी स्टँडवरही चालू राही, पण पहिला गिअर पडला की उचकी देऊन बंद पडे.

ही उचकी कारंज्यात फार लोकप्रिय झाली. वर्षभरात भाऊंनी साठ-सत्तर गाड्यांना तरी स्विच बसवला. प्रत्येक गाडीच्या पुढच्या मडगार्डवर ते चार बोटं रुंद पिवळा पट्टा मारत, म्हणजे काम कुणाचं ते लांबून ओळखू यावं. बाजाराकडच्या वळणाअलीकडे चहाची टपरी होती. तिथून पिवळ्या पट्ट्याची गाडी निघाली आणि चालवणारा स्टँड विसरला की टपरीवरचे सगळे कप हातात धरून थांबत. गिअर पडे, गाडी धक्का देऊन मरे, चालवणारा पुढच्या पुढे झुके आणि टपरी हसे. वासुदेवभाऊ तर टाळी वाजवत. मीही हसायचो. भाऊंच्या कामाला दिलेली ती दादच आहे असं मला वाटायचं.

मी एकदा त्यांना इशारा दिला होता, हेही सांगून टाकतो. म्हटलं, भाऊ, तुमच्या योजनेत एक खोट आहे. वायर टेकली तर इंजिन बंद होतं, पण ती मध्येच तुटली तर? इंजिन चालूच राहील आणि कुणाला कळणारही नाही. नव्या गाडीत उलटं असतं. तिथे वायर तुटली तर गाडीच चालू होत नाही. मग भाऊंनी नियम केला, महिन्यातून एकदा गाडी दाखवायला आणायची, फुकट. पहिल्या महिन्यात सगळे आले. नंतर पट्टा पाहूनच सगळ्यांचं समाधान होऊ लागलं.

त्या दसऱ्याला वासुदेवभाऊंनी जुनी गाडी नव्यासारखी रंगवून घेतली. गाडीचा लोखंडी सांगाडा काळाभोर, टाकी लाल. पिवळा पट्टा मात्र त्यांनी रंगवणाऱ्याकडून मुद्दाम पुन्हा मारून घेतला, आधीपेक्षा झळझळीत. दोस्ताची खूण होती ती.

दसरा होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. सकाळी साडेदहाचा सुमार. टपरीवर आम्ही सात-आठ जण होतो. वासुदेवभाऊ चहा पिऊन उठले, गाडी चालू केली, आमच्यातल्या कुणाची तरी चेष्टा करत राहिले आणि त्या नादात स्टँड तसंच राहिलं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. माझ्या शेजारच्याने मला कोपराने ढोसलं. टपरीवाल्याने गाळणं तसंच हवेत धरलं. सगळ्यांच्या तोंडावर हसू येऊन थांबलं होतं. दुसऱ्याला हसणारा माणूस आज आमच्या तावडीत सापडला होता.

गिअर पडला. गाडीने उचकी दिली नाही.

मला अजून कळत नाही की त्या क्षणी आम्ही काय करत होतो. गाडी पुढे गेली. मला वाटलं, आता बंद पडेल. दुसरा गिअर पडला. मला वाटलं, आता. टपरीपासून वळणापर्यंत दोनशे पावलं असतील. दोनशे पावलं ते स्टँड आमच्या डोळ्यांदेखत लोंबत गेलं आणि सात-आठ माणसांपैकी एकाच्या तोंडून शब्द फुटला नाही. कुणी आंधळं नव्हतं, कुणी मुकं नव्हतं, कुणाला त्या माणसाचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. आम्ही हसायला थांबलो होतो. वळणावर त्यांनी गाडी डावीकडे घातली आणि मग तो आवाज आला. लोखंड डांबरावर घासल्याचा, आणि त्यामागून दुसरा. नाल्यावरच्या पुलियाच्या कठड्यावर डोकं आपटलं होतं. नागपूरला नेता नेता वासुदेवभाऊ गेले.

गाडी घरी परत आल्यावर थूलभाऊ काळ्यांच्या अंगणात आले. मी तिथे होतो. ते गाडीपाशी उकिडवे बसले, खिशातून बल्ब काढला आणि एकेक जोड पाहत गेले. स्विच चांगला होता. रिले चांगली होती. शेवटच्या कडीपाशी बल्ब पेटला नाही. त्यांनी बोल्ट सोडला. कडीखाली काळा रंग होता, गुळगुळीत, पक्का. रंगवणाऱ्याने कडी काढली होती, खालचं चमकतं लोखंडही रंगवलं होतं आणि कडी पुन्हा व्यवस्थित वर आवळली होती. त्या बिचाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं. करंटचा घरी यायचा रस्ता मात्र रंगाखाली बुजला होता.

मला वाटलं, ते रंगवणाऱ्याला बोल लावतील, किंवा मला आठवण करून देतील की सर, तुम्ही म्हटलं होतं. त्यांनी कडी हातात धरली आणि विचारलं, टपरीवर कोण कोण होतं. कुणीतरी नावं सांगितली. माझं नाव गाळलं. मास्तरचा मान ठेवला असेल.

“मीही होतो,” मी म्हणालो.

ते माझ्याकडे वळले. रागाचं काही नव्हतं त्यांच्या चेहऱ्यावर, आणि तेच मला झेपेना.

“तुमाले दिसलं होतं, सर? स्टँड?”

“दिसलं होतं.”

“मंग बोलले काऊन नाई?”

मी खरं सांगितलं. सांगितलं की गाडीवर तुमचा पट्टा होता, आम्हाला वाटलं बंद पडेल. हे ऐकताना त्यांचा चेहरा जसा झाला तसा मी कुणाचा पाहिला नाही. वीज अंगातून जाते तेव्हा माणूस ओरडत नाही, गच्च होतो, तसे ते बसल्या जागी गच्च झाले. मग उठले आणि निघून गेले. काळेवहिनी दारात उभ्या राहून त्यांना पाहत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून ठेला बंद. थूलभाऊ पॉलिश पेपरचे तुकडे आणि बल्ब घेऊन गावात, खेड्यांत फिरू लागले, पार तळेगावापर्यंत. आधी बल्ब लावून स्विच तपासत, मग मडगार्डवरचा पिवळा पट्टा घासून काढत. लोक म्हणत, भाऊ, स्विच काढता काय? ते म्हणत, स्विच राहू द्या, खूण पुसतो. माझ्या गाडीचाही पट्टा त्यांनी माझ्या दारात बसून घासला. चहा नको म्हणाले. मी माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी वर न पाहताच सांगितलं, “सर, माहीच चूक हाय. पैले लोक आवाज देत. म्या तो बंद पाडला.” मी म्हटलं, असं कसं म्हणता. ते घासत राहिले.

त्यानंतर गावात कुजबूज सुरू झाली की थूलांच्या डोक्यावर परिणाम झाला. मी मनावर घेतलं नाही. त्यातच माझी वर्ध्याला बदली झाली आणि सामान बांधायच्या मागे लागलो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते कारंजा सोडायच्या आदल्या दिवशी. वासुदेवभाऊ गेल्यापासून टपरीवर बसलो नव्हतो, पण निरोपाचा चहा म्हणून चार जण मला घेऊन गेले. तीच वेळ, तीच बाकडी. तेवढ्यात थूलभाऊंची जुनी गाडी समोरून निघाली. हळू, माणूस चालेल इतक्या चालीने. पुढच्या मडगार्डवर पट्ट्याच्या जागी घासलेलं पांढुरकं लोखंड. आणि खाली स्टँड लोंबत होतं.

माझ्या शेजारचा म्हणाला, थूलचीच गाडी हाय, त्याले कोन शिकवन. सगळे बघत राहिले.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला माहीत नाही. “स्टँड”च म्हणालो असेन. कप हातातून पडला, बाकडं उलटलं आणि मी रस्त्यावर धावत होतो आणि ओरडत होतो, एवढं आठवतं. वळणाच्या अलीकडे त्यांनी ब्रेक लावला. मी जाऊन हँडल पकडलं. मला धाप लागली होती.

“तुमचा स्विच?” मी विचारलं.

त्यांनी सीटखालून वायरीची दोन टोकं ओढून दाखवली. पक्कडीने सरळ कापलेली, वर टेप गुंडाळलेली.

“म्याच कापली,” ते म्हणाले. “पाच दिवस झाले, सर. रोज या टायमाले टपरीपुढून स्टँड सोडून, न वळता सरळ जाऊन राह्यलो. सगळे पाह्यतात. कोनीच आवाज देत नाई.”

हा माणूस वेडा झाला नव्हता. एकेक वायर तपासावी तसं तो पाच दिवस आमचं गाव तपासत होता, आणि बल्ब पेटत नव्हता. मी हँडल सोडलं नाही. विचारलं, “आणि आजही कुणी ओरडलं नसतं तर? वळला असता का?”

तेवढ्यात अमरावतीकडून एक ट्रक आला. भाऊ थांबले, नेहमी थांबत तसे. मीही थांबलो. माझ्या आयुष्यात इतका लांब ट्रक मी पाहिला नाही. धूळ खाली बसली. आता ते उत्तर देतील म्हणून मी त्यांच्या तोंडाजवळ कान नेला.

“चालू हाय,” ते म्हणाले.

मग पायाने स्टँड वर घेतलं, वर बसलं की नाही ते टाचेने दोनदा हलवून पाहिलं, आणि डावीकडे वळून गेले.